दहा-बारा वर्षं पडीक राहिलेलं वावर साफ करायला जेसीबी लावावा का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की तुम्ही पुण्यात असता, जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर तालुक्यात वडिलांच्या नावावरचं दोन एकर वावर कित्येक वर्षं पडून आहे, आत माणूस शिरत नाही इतकं रान माजलंय (दोन फोटोही टाकलेत), पुढे तिथे घरही बांधायचंय, आणि एक जेसीबीवाला ‘दोन दिवसांत चकाचक करून देतो, उक्तं द्या’ म्हणतोय. तर द्यावं का?

उक्तं, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून, देऊ नका. आणि जेसीबी आणायचाच, पण सगळ्यात आधी नाही.

मी शेजारच्या पारोळा तालुक्यात शेती करतो आणि माझा ट्रॅक्टर अशा रानांत नांगरटीला जातो. त्यामुळे जेसीबी फिरून गेल्यावर मागे काय उरतं ते मला बघायला मिळतं. उक्त्या कामात ड्रायव्हरला घाई असते. तो बकेट जमिनीला टेकवून सरसकट खरवडत नेतो. झुडपं जातात, गवत जातं आणि त्यांच्यासोबत वरची वीतभर काळी मातीही बांधाला ढीग होऊन पडते. फोटोत वावर छान दिसतं. पण पीक ज्या मातीवर यायचं ती त्या ढिगात, काट्यांत कालवलेली. ती परत पसरवायची तर सगळ्या वावरात काटे पसरतात, म्हणून तो ढीग तसाच राहतो आणि दोन पावसाळ्यांत त्यावर नवं रान उभं राहतं. खाली मुरूम लागत असेल तर नुकसान आणखी मोठं.

मशीन यायच्या आधी दोन गोष्टी उरका. पहिली मोजणी. वडील हयात नसतील तर अगोदर सातबाऱ्यावर वारसांची नोंद लावून घ्या, मग भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. पडीक वावराचा बांध शेजाऱ्याच्या नांगराबरोबर दरवर्षी एकेक तास (नांगराची रेघ) आत सरकत असतो, हे खेड्यात कुणाला सांगावं लागत नाही. झुडपात दडलेला हद्दीचा दगड जेसीबीने एकदा उखडला की पुढची भांडणं तुमच्या पोरांपर्यंत जातात. मोजणीवाल्यांना चालायला आणि नजर टाकायला जागा लागते, म्हणून चार माणसं लावून फक्त कडेकडेने कोयत्याने वाट मोकळी करा. दुसरी गोष्ट झाडांची. बांधावरचा निंब, बोर, हिवर यांना विनाकारण हात लावू नका. साग, अंजन, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. झाड स्वतःच्या वावरातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. त्यांना चुन्याचा पट्टा मारून ठेवा, म्हणजे ड्रायव्हरला तोंडी सांगत बसावं लागत नाही.

आता मुख्य शत्रू. तुमच्या फोटोत जी काटेरी जाळी दिसते ती वेडी बाभूळ आहे. ही मूळची अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आणली गेली. हिचे डोळे जमिनीच्या जरा खाली, खोड आणि मूळ जुळतं तिथे असतात. वरून कितीही कापा, एका खोडाच्या जागी पाच-सात फुटवे येतात. जाळूनही तेच होतं. पेटवायचा विचार तर मनातूनच काढा. उन्हाळ्यातला वारा आपल्या हातात नसतो, आणि शेजारच्या ठिबकच्या नळ्या वितळल्या की बिल तुमच्या दारात येतं.

लाकूड फुकट घालवू नका. कोळसा पाडणारे किंवा वीटभट्टीवाले स्वतःची माणसं आणून तोडून नेतात. त्यांना एकच अट घाला, बुंधा कंबरेएवढा उभा ठेवायचा. ते जमिनीलगत कापायला बघतात, कारण तेवढंच लाकूड जास्त मिळतं. पण उंच बुंधा असला की जेसीबीला धरायला जागा मिळते. दाताच्या बकेटने बुंधा एका बाजूने ढकलायचा, मुळी वर आली की उचलून हवेत दोन-तीनदा झटकायची, माती तिथल्या तिथे पडू द्यायची आणि मगच ढिगाकडे न्यायची. हे काम तासावरच द्या आणि स्वतः बांधावर उभे राहा. पुण्याहून फोनवर होणारं हे काम नव्हे. तोड आणि उपटणी यांत महिन्याच्या वर अंतर पडू देऊ नका, नाहीतर फुटवे सुरू होतात.

वेळ म्हणाल तर मशीन होळीच्या आसपास, आणि तोड त्याच्या आधीच्या महिनाभरात. पावसाळ्यात काळ्या जमिनीत जेसीबी रुतला तर तो काढायला दुसरा आणावा लागतो. माणसांना गमबूट द्या. पालापाचोळ्यात घोणस असते आणि ती पटकन हलत नाही. पाय पडेपर्यंत दिसतही नाही. कुणाला चावलीच तर बांधाबांध, चिरणं, भगत काही नको, सरळ सरकारी दवाखाना.

मशीन गेल्यावर लोक हमखास रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार) मारतात, कारण वावर भुसभुशीत दिसतं. हरळी किंवा कुंदा ही मुळाच्या तुकड्यातूनही फुटणारी गवतं असतील तर हे म्हणजे स्वतःच्या हाताने बेणं लावणं आहे, प्रत्येक तुकडा फुटतो. त्याऐवजी पलटी नांगराने खोल नांगरा आणि आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आगेमागे पडणारं ऊन त्या ढेकळांना खाऊ द्या. आपल्याकडचा पारा पंचेचाळीसवर जातो, त्याचा एवढा एक फायदा. कुंदा मात्र उन्हाने पुरता मरत नाही, त्याची मुळं खोल असतात. जिथे जिथे बेट दिसेल तिथे टिकावाने खणून वेचावाच लागतो. मजुरी जाते, पण त्याला दुसरा चांगला इलाज मी तरी पाहिला नाही.

पहिल्या पावसानंतर वावर पुन्हा हिरवं होईल, घाबरू नका. वेड्या बाभळीचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून असतं. शेळ्या-गुरं शेंगा खातात आणि बी लेंड्यांतून, शेणातून जसंच्या तसं बाहेर पडतं, म्हणून साफ केलेल्या वावरात शेंगांच्या दिवसांत शेळ्या बसवू नका. उगवलेली रोपं ओल्या जमिनीत बोटभर असतानाच हाताने उपटून निघतात. तेच दिवाळीपर्यंत ठेवलं तर पहार लागते. गाजर गवतही फुलावर यायच्या आत उपटा, हातमोजे घालून, नाहीतर अंगाला खाज सुटते. दोनदा वखर फिरवून मगच पेरा, आणि पहिल्या वर्षी कपाशीच्या नादी लागू नका, ओळींमधली जागा मोकळी राहते आणि तण तिथेच माजतं. हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा दाट पेरून फुलावर आला की जमिनीत गाडा.

घर बांधायचं म्हणताय ती जागा मोजणीनंतर ठरवा, रस्त्याला लागून असेल तर बरं. तुमच्या दुसऱ्या फोटोत नाल्याच्या बाजूचं गवत मला नीट दिसलं नाही. एक ठोंब मुळासकट उपटून त्याचा जवळून फोटो टाका. कुंदा निघाला तर तेवढा तुकडा नांगरायच्या आधीच खणून घ्यावा लागेल.