पुण्यातल्या फ्लॅटमध्ये शॉर्टवेव्ह ऐकायला टेकसन, एक्सएचडेटा की सोनी?

तुम्ही विचारलंय की बजेट दहा हजारांच्या आसपास आहे, राहायला फ्लॅटमध्ये आहात, तर टेकसन पीएल-३३०, एक्सएचडेटा डी-८०८ आणि वापरलेला सोनी आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर यांत स्टेशनं कोण जास्त ओढतो. या प्रश्नाखाली कुणीतरी "सोनी तो सोनी, बाकी सगळी चिनी खेळणी" असं लिहून मोकळा होणारच. हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

७६००जीआर उत्तम सेट होता, यात वादच नाही. २००१ साली आला. डबल कन्व्हर्जन (सिग्नल आत दोनदा वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर नेणं), पहिली आयएफ (ती मधली फ्रिक्वेन्सी) ५५ मेगाहर्ट्झच्या वर, त्यामुळे भुताटकीची, म्हणजे भलत्याच जागी ऐकू येणारी, स्टेशनं जवळपास नाहीत, आणि सिंक्रोनस डिटेक्टर (थोडक्यात सिंक, वरखाली होणारं स्टेशन स्वच्छ ऐकवणारी सोय) आजच्या छोट्या सेटांना लाजवेल असा. पण आता उत्पादन बंद आहे, म्हणजे हातात येणार तो कुणीतरी वापरलेलाच. त्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले, टेलिस्कोपिक अँटेनाचा बुडाशी असलेला सांधा ढिला, सेल पाझरून स्प्रिंगा हिरव्या. ट्यूनिंगला गोल नॉबही नाही, बटणं दाबत बसायचं. एवढ्यासाठी नव्या सेटापेक्षा जास्त पैसे मोजणं म्हणजे नावाचे पैसे.

आणि फ्लॅटमध्ये मुळात नावाचा प्रश्नच येत नाही. तिन्ही सेटांची संवेदनशीलता शहरातल्या खरखरीच्या पातळीपेक्षा चांगली आहे. खरखरीखाली बुडालेलं स्टेशन कुठलाच ब्रँड वर काढत नाही. तेव्हा आधी घरातला आवाज मारा. रेडिओ सेलवर चालवा, चार्जर लावून अजिबात नाही. ९.५ मेगाहर्ट्झच्या आसपास रिकामी जागा शोधा आणि घराचा मेन स्विच पाडा. खरखर धाडकन कमी झाली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा. शंभर हर्ट्झची जाड घर्रर्र ऐकू आली तर ती बहुधा पंख्याच्या गोल फिरणाऱ्या जुन्या रेग्युलेटरची, त्यातला ट्रायॅक (वीज चालू-बंद करणारा भाग) दर अर्ध्या सायकलला झटका मारतो. टकटक पायऱ्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की ती जाते. सगळ्या बँडभर सारखा फसफसाट असेल तर स्वस्त एलईडी बल्बचा ड्रायव्हर. ठरावीक अंतराने डोकावणारे गुरगुरते ठोके असतील तर राऊटर किंवा सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर. अ‍ॅडॉप्टर बदलता येत नसेल तर त्याच्या वायरचे मिक्स ३१ प्रकारच्या फेराइट रिंगमधून (खरखर अडवणारं चुंबकीय कडं) सात-आठ फेरे घ्या. मेन पाडूनही खरखर तशीच राहिली तर शेजाऱ्यांचं सोलर इन्व्हर्टर किंवा लिफ्ट, तिथे तुमचा इलाज नाही.

नंतर अँटेना. आरसीसीतल्या सळ्या सिग्नल खातात, म्हणून रेडिओ दिवाणखान्याच्या मध्ये ठेवून ब्रँडला शिव्या देऊ नका. गॅलरीतून सहा-सात मीटर प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक वायर भिंतीपासून लांब बाहेर सोडा, घरातल्या वायरिंगला समांतर नको, आणि ३.५ मिमीच्या अँटेना जॅकला जोडा. याहून लांब केली की छोटे सेट तुंबतात: पुणे आकाशवाणीचं मीडियमवेव्हवरचं ७९२ किलोहर्ट्झ शॉर्टवेव्हवर भलत्याच जागी बोलायला लागतं. पीएल-६६० किंवा पीएल-८८० ला डीएक्स-लोकल स्विच (डीएक्स लांबच्या क्षीण, लोकल जवळच्या जोरदार स्टेशनांसाठी) आहे, तो लोकलवर टाकायचा. ज्या सेटाला नाही त्याची वायर निम्मी करा. एमएलए-३० सारखा लूप (गोल कड्याचा, वीज लागणारा अँटेना) गच्चीवर नेता आला तर आणखी बरं, फक्त त्याला मोबाईलच्या चार्जरवर चालवलंत तर खरखर विकत घेतल्यासारखं आहे.

दोन सेट तोलायचे तर संध्याकाळी चीनचं दणदणीत केंद्र लावून तोलू नका, ते कशावरही लागतं. १०००० किलोहर्ट्झवरचे वेळेचे ठोके लावा, ते क्षीण असतील तेव्हाच. दोन्ही सेट एकाच खिडकीत, पण एकाचा ऑसिलेटर (सेटाच्या आतच तयार होणारा सिग्नल) दुसऱ्यात शिरू नये इतके लांब. दोन्हीकडे बँडविड्थ (सेट किती रुंद पट्टा ऐकतो ते) जवळपास सारखी, कानाला एकच हेडफोन आणि पटापट आलटून पालटून ऐकणं, कारण सिग्नल क्षणाक्षणाला वरखाली होतो. पडद्यावरचे डीबीचे आकडे दोन कंपन्यांमध्ये ताडून पाहायचे नसतात.

आता तुमच्या तिघांत. डी-८०८ ला एएमवर १ पासून ६ किलोहर्ट्झपर्यंत बँडविड्थच्या बऱ्याच पायऱ्या आहेत. पाच किलोहर्ट्झवर जोरदार शेजारी असेल तर तो इथे जास्त नीट कापला जातो. शिवाय विमानांचा बँड. पीएल-३३० ला या पायऱ्या कमी, पण आकार खिशाएवढा, ईटीएम स्कॅन (स्टेशनं आपोआप शोधून साठवणं) झकास आणि बॅटरी बीएल-५सी, जुन्या नोकियाची, कुठेही मिळते (नकली घेऊ नका, फुगते). दोन्हीत एसएसबी (सिग्नलच्या दोन बाजूंपैकी एकच ऐकण्याची सोय) आहे, आणि सोनीच्या सिंकला माझं उत्तर तेच. एएम स्टेशन एसएसबीत घ्या, १० हर्ट्झच्या पायऱ्यांनी शिट्टी शून्यावर आणा, दोनपैकी जी बाजू स्वच्छ ती ठेवा. बोलणं छान समजतं. गाणं मात्र किंचित डुलतं, हे कबूल. त्याच एसएसबीत ७ मेगाहर्ट्झवर आपल्याकडचे हॅम (हौशी रेडिओवाले) एलएसबीत, म्हणजे खालच्या बाजूत, सापडतील.

मी डी-८०८ घेईन. प्रवास जास्त असेल तर पीएल-३३०.

सुया-डायलचे स्वस्त सेट, उदाहरणार्थ टेकसनचाच आर-९०१२, यांच्या वाटेला जाऊ नका. सिंगल कन्व्हर्जन, आयएफ ४५५ किलोहर्ट्झ, त्यामुळे ९६२० वरचं जोरदार स्टेशन ९१० किलोहर्ट्झ खाली, ८७१० लाही वाजतं. लोक त्यालाच "भरपूर स्टेशनं लागतात" म्हणतात.

गावाकडे, जिथे खरखर नाही, तिथे सेटासेटांतला फरक खरंच ऐकू येतो आणि सोनीवाल्यांचं म्हणणं थोडं खरं ठरतं. पीएल-६६० चं सिंकही चांगलं आहे, बजेट वाढलं तर बघा. तसंच जुन्या आठवणींवर जाऊन खरेदी करू नका. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं, रेडिओ ऑस्ट्रेलियाचं त्याआधी २०१७ मध्येच.

आणि वळवाच्या दिवसांत बाहेरची वायर ऐकून झालं की काढून ठेवा. वीज पडायलाच हवी असं नाही, वायरवर साठलेल्या स्थिर विजेनेही पुढचा एफईटी (अँटेनाला लागून असलेला नाजूक ट्रान्झिस्टर) जातो. जॅकवर उलटसुलट दोन १एन४१४८ डायोड आणि समांतर १०० किलोओहमचा रेझिस्टर टाकला तर साठलेली वीज निथळून जाते. थेट विजेपुढे मात्र वायर काढणं हाच उपाय.