सुपरव्हिजनला वही नको, वाळू घे

अगं, मुलांचं समुपदेशन करायला लागले तेव्हा पहिल्या वर्षी मीही सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी समुपदेशकासोबत आपल्या केसेसवर बोलायच्या बैठकीला, नोट्स वाचून दाखवायचे. एकदा माझ्या सुपरव्हायझर मॅडमनी वाळूचा ट्रे पुढे सरकवला, म्हणाल्या, "ज्याच्याबद्दल वाचतेयस त्या मुलाला ठेव यात. आणि स्वतःलाही." मुलासाठी मी खेळण्यातलं कासव उचललं, स्वतःसाठी ॲम्ब्युलन्स! बघताक्षणी कळलं, मी त्याला वाचवायला धावत होते; त्याला हवं होतं कुणीतरी नुसतं शेजारी बसायला. नोट्स वाचून हे महिनाभर सापडलं नसतं.

मुलांच्या डॉक्टर मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी लंडनमध्ये १९२९च्या सुमारास मुलांच्या हाती वाळू आणि छोटी खेळणी दिली. तेच आपल्यालाही चालतं. महागडा सेट कशाला? भातुकली, बटणं, शंख पुरे. मांडून झालं की अर्थ आधी तू सांग, सुपरव्हायझरला घाई करू देऊ नकोस. मुलाचं चित्र नेणार असलीस तर नाव, शाळा झाकून ने.

एक गोष्ट मात्र ट्रेमध्ये मांडत बसायची नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. सुपरव्हायझरला त्याच दिवशी फोन कर, पुढच्या गुरुवारच्या सुपरव्हिजनची वाट बघू नकोस.