टोकियोला जाताना ११ तास, येताना ६ कसे?

प्रश्न : मुलगा टोकियोत असतो. त्याने पाठवलेल्या तिकिटावर दिल्लीहून रात्री ८ ला निघून सकाळी ७ ला पोहोचायचं आहे. परतताना सकाळी ११ ला निघून संध्याकाळी ५ ला दिल्ली. जाताना ११ तास, येताना फक्त ६? गुडघे दुखतात, म्हणून आधीच विचारते. (एक आजी, तिलकनगर, इंदूर)

उत्तर : आजी, तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. म्हणून जाताना ११ मधून साडेतीन वजा करा, उरले साडेसात. येताना ६ मध्ये साडेतीन मिळवा, झाले साडेनऊ. म्हणजे जास्त बसणं येतानाच आहे!

अंतर दोन्ही वेळा तेच, हवाई रेषेत सुमारे ५,८४० किलोमीटर. फरक पडतो वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे धावतो. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. जाताना तो विमानाला मागून ढकलतो, येताना समोरून अडवतो.

तेव्हा येतानाची आइल सीट मुलाला आत्ताच घ्यायला सांगा. कुणाला न उठवता तासा-दीड तासाने चार पावलं चालता येतील. व्हीलचेअरही आधीच नोंदवा. दिल्लीच्या विमानतळावर फार चालावं लागतं, तिथे संकोच करू नका.

प्रश्न : इंदूरहून टोकियोला दिल्लीवरून जावं की मुंबईवरून? (रामबाग, इंदूर)

उत्तर : दिल्लीवरून. इंदूर ते टोकियो सरळ रेषेत सुमारे ६,२६० किलोमीटर. दिल्लीमार्गे ते ६,५०० होतं, मुंबईमार्गे ७,२०० च्या वर. फक्त डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याचा विचार करा. पहाटेच्या विमानापेक्षा इंदूरहून दुपारचं बरं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं विमान रखडून पुढचं चुकलं तरी दुसऱ्याची सोय कंपनीला करावी लागते.

प्रश्न : दिल्ली-टोकियो सरळ रेघ तिबेटवरून जाते. मग विमान बांगलादेश, म्यानमारवरून वळून का जातं? (इयत्ता नववी, इंदूर)

उत्तर : प्रश्न फार आवडला. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघ, तो खरोखर हिमालय ओलांडून तिबेटवरून जातो. पण विमानातला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला लगेच सुमारे ३ किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं. तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या त्या पिवळ्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत साधारण १२ ते १५ मिनिटंच पुरतो. आणि तिबेटचं पठारच सरासरी साडेचार किलोमीटर उंच! खाली यायला जागाच नाही. म्हणून थोडं जास्त इंधन जाळून वळसा घेतात, आणि तेच योग्य आहे.

कधी टोकियोहून दिवसा परतलास, तर उजवीकडची खिडकी घे. बिहार, उत्तर प्रदेशवरून येताना हवा स्वच्छ असली, तर बर्फाच्या शिखरांची रांग बराच वेळ सोबत असते.