नाशिकहून काठमांडू किती लांब आहे? विमानाने किती वेळ लागतो?

आई-वडिलांना पशुपतिनाथाला न्यायचंय, नाशिकहून अंतर किती आणि विमानाने किती तास, असं तुम्ही विचारलंय. सरळ रेषेत नाशिकच्या ओझर विमानतळापासून काठमांडू साधारण 1,440 किलोमीटर भरतं. पण हा आकडा घेऊन करणार काय? ओझरहून तिकडे थेट विमानच नाही.

मुंबईहून आहे. हवाई अंतर 1,600 किमीच्या आसपास, वेळ पावणेतीन तास धरा. नाहीतर ओझरहून दिल्ली (सुमारे 1,000 किमी, दोन तास) आणि तिथून काठमांडू (815 किमी, पावणेदोन तास).

कागदावर मुंबई सोपी वाटते, पण म्हातारी माणसं सोबत असतील तर मी दिल्लीमार्गे जाईन. मुंबई विमानतळ नाशिकच्या द्वारका चौकापासून 165-170 किमी. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला, त्यामुळे कसारा घाटात ट्रकमागे रांगणं टळलं. पुढे भिवंडी आणि ठाण्यातल्या माजिवड्याची कोंडी मात्र आहेच. त्यात परदेशी विमान म्हणून तीन तास आधी पोचायचं. पावणेतीन तासांच्या विमानासाठी सात-आठ तास आधी घर सोडायचं, हे काही मला पटत नाही. दिल्लीमार्गे जाणार असाल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढा, म्हणजे पहिलं विमान रखडलं तरी पुढची सोय कंपनीच्या गळ्यात. आणि विमान कुठल्या टर्मिनलला उतरतं, पुढचं कुठून सुटतं ते आधीच बघून ठेवा.

आता तिकिटावरची वेळ. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे. 1986 पासून त्यांनी गौरीशंकर शिखरावरून जाणारं रेखावृत्त, 86 अंश 15 मिनिटं, प्रमाण मानलंय. आपलं 82 अंश 30 मिनिटं. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे बरोबर पाव तास. मुंबईहून सकाळी 10 ला निघून दुपारी 1 ला पोचणारं विमान तीन तासांचं दिसतं, पण उडतं पावणेतीनच. येताना उलट: दुपारी 2 ला निघून पावणेपाचला मुंबईत, दिसायला पावणेतीन, खरे तीन. वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, हिवाळ्यात तर जोरात, म्हणून परतीला वेळ जास्तच लागतो. तिकीट मात्र नेमकं उलटं सांगतं!

काठमांडूत उतरायला उशीर झाला तर घाबरू नका. त्रिभुवन विमानतळ डोंगरांच्या वाटीत, धावपट्टी एकच, त्यामुळे विमानं वर घिरट्या घालत नंबर लागायची वाट बघतात. हिवाळ्यात सकाळचं धुकं असतं, तेव्हा दुपारचं विमान बरं. एकदा उतरलात की पशुपतिनाथ अगदी जवळ, टॅक्सीने थोडाच वेळ.

व्हिसा लागत नाही, पण 65 वर्षांखालच्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागेलच. त्यांचं नुसत्या आधारवर काम भागत नाही. तिघांचीही कार्डं आजच काढून बघा, आणि तिकिटावर नाव कार्डावर आहे तसंच टाका. जागा निवडताना दिल्लीहून जाताना डावीकडची खिडकी घ्या, हवा स्वच्छ असेल तर हिमालय त्याच बाजूला दिसतो.