कमी दराचा ठेकेदार

प्रश्न : धायरीतलं जुनं बैठं घर पाडून दुमजली बांधायचंय. तिघांनी दर दिलेत. सगळ्यात स्वस्त असलेला निम्मी रक्कम आगाऊ मागतोय. काम कुणाला द्यावं? – एक वाचक

उत्तर : निम्मे पैसे आधी मागणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या. त्याचा चौरस फुटाचा दर कशावर मोजणार, हे विचारलंत का? बाल्कनी, जिना, वरची टाकी धरून की सोडून? कोथरूडला घर बांधताना मी विचारलं नव्हतं. खिडकीवरच्या छज्ज्यांचेही पैसे मोजले.

आता उरलेल्या दोघांची चालू कामं बघा. न सांगता जा, तेही भर दुपारी. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवलंय का? साध्या ओपीसी सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस ओल हवी, राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटच्या काँक्रीटला 10. आपल्या एप्रिलच्या उन्हात मी 14 च्या खाली ऐकत नाही. वॉचमनशी गप्पा मारा. मजुरांचा पगार थकलाय का, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मग दोन पावसाळे काढलेलं त्यांचं एखादं घर गाठून मालकीणबाईंना बाथरूमखालचं छत दाखवायला सांगा.

करारात सिमेंट-सळईची कंपनी लिहून घ्या. हप्ते जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा असे टप्प्यांवर. शेवटचे पाच टक्के पहिला पावसाळा गेल्यावर द्या. आणि हो, नकाशा मंजूर होईपर्यंत जुन्या घराचं एक कौलही काढू देऊ नका.