१० वर्षांच्या मुलीला रील्ससाठी इन्स्टाग्राम अकाउंट काढून द्यावं का? ब्रँडचे पैसे आले तर ते कुणाचे?

तिच्या नावाने तिनेच चालवायचं असेल तर नाही, तिथे किमान वय १३ आहे. खोटी जन्मतारीख टाकून काढलेलं अकाउंट कधीही बंद पडतं. तुम्ही चालवत असाल तर चालतं, फक्त बायोमध्ये 'अकाउंट पालक सांभाळतात' असं स्पष्ट लिहा. पासवर्ड आणि मेसेजेस तुमच्याकडेच ठेवा. मेसेजमध्ये काय काय येतं ते मुलीने वाचण्यासारखं नसतं.

रील टाकण्याआधी ती आवाज बंद करून एकदा नुसती मागची बाजू बघा. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, सोसायटीची पाटी, स्कूटरची नंबर प्लेट. घर शोधायला एवढं पुरतं. क्लासला निघताना टाकू नका, घरी परतल्यावर टाका.

पैसे मुलीचे. बालकलाकारांसाठीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांत दिवसाला कमाल ५ तास काम, सलग ३ तासांहून जास्त नाही, आणि किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत, असं आहे. हे नियम निर्मात्यांसाठी लिहिलेत, पण घरच्या शूटिंगलाही हीच मापं लावा (माझ्या मते २० टक्के फारच कमी). मुलीचं पॅन काढा: स्वतःच्या कलेवर मिळवलेलं तिचं उत्पन्न तुमच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही.

आणि ती 'आज नको' म्हणाली तर कॅमेरा बंद, ब्रँडची तारीख असली तरी.