जुना ओडी, नवा वसुलीवाला: पाचशे भरण्याआधी तारीख काढा

तुम्ही लिहिलंय ते असं: दुकानाच्या चालू खात्यावर एक लाखाचा ओडी (ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लकीपेक्षा जास्त पैसे काढायची सोय), शेवटचा भरणा ऑगस्ट २०१७ मध्ये, मग दुकान बंद. आता एक वसुली कंपनी म्हणते, बँकेने कर्ज आम्हाला विकलंय, व्याजासकट ३,४०,००० द्या, नाहीतर पोलीस येतील. आणि वर गोड आवाजात, "निदान पाचशे भरा, एका अर्जावर सही करा, फाइल थांबवतो."

तो अर्ज सही करू नका. पाचशेपेक्षा तो महाग आहे.

मी बँकेत असताना ओडीवाल्यांकडून दरवर्षी बॅलन्स कन्फर्मेशनच्या, म्हणजे "एवढी बाकी मला मान्य आहे" अशा पत्रावर सह्या घ्यायला फिरायचो. लोक चहा पाजून, न वाचता सही करायचे. ती सही कशाला हवी असायची? मुदत कायदा १९६३ प्रमाणे अशा येण्याचा दावा लावायला साधारण ३ वर्षं मिळतात. मुदत संपायच्या आत कर्जदाराने लेखी कबुली दिली की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. म्हणून तुमच्या बाबतीत ३,४०,००० पेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की २०१७ नंतर तुम्ही बँकेला काही सही करून दिलंत का? ईमेलवर "थोडी मुदत द्या, भरतो" असं लिहिलं असेल तर तेही शोधा.

काहीच नसेल तर मुदत केव्हाच गेली. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. तो धरला तरी हिशोब २०२३ च्या पुढे जात नाही. मुदत गेल्यावर नुसत्या पाचशे रुपयांनी ती परत येत नाही, पण "मी हे कर्ज फेडीन" असं सहीनिशी लिहून दिलंत तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो नवा करार होतो. अर्ज त्यासाठीच पुढे केला जातोय, असं मला वाटतं. (घर किंवा गाळा तारण असेल तर माझं वरचं गणित विसरा. गहाणाची मुदत १२ वर्षं असते.)

पोलिसांचं म्हणाल तर कर्ज थकणं हा गुन्हा नाही, दिवाणी बाब आहे. पण घाबरून पुढच्या तारखेचे चेक दिलेत आणि ते परत गेले, तर मात्र चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ खाली फौजदारी केस लागू शकते.

आता त्यांना फोनवर काही सांगू नका. लेखी मागा: बँकेने कर्ज विकल्याचा कागद, खात्याचा पूर्ण उतारा, व्याजाचा हिशोब. पत्रात "माझ्यावर दाखवलेली रक्कम मला मान्य नाही" हे वाक्य असू द्या, "माझं थकलेलं कर्ज" असं चुकूनही नको. फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर आले, तर ते रिझर्व्ह बँकेच्या नियमाविरुद्ध आहेत. वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

लोकअदालतीची नोटीस आली तर दचकू नका, तिथे तडजोड तुमच्या मर्जीवर असते. कोर्टाचं समन्स मात्र वेगळं. मुदत गेलीय म्हणून घरी बसलात आणि एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो १२ वर्षं बजावता येतो. त्या दिवशी वकील घेऊन जायचंच.

कर्ज खरंच विकलंय की कंपनी फक्त बँकेची एजंट आहे, तेही बघा. बँकेचंच राहिलं असेल आणि त्याच बँकेत तुमचं बचत खातं असेल, तर त्यात मोठी शिल्लक ठेवू नका. दावा लावायची मुदत गेली तरी कर्ज पुसलं जात नाही, आणि बँक तिथूनच वळती करायला बघते.

२०१७ नंतरची सही आठवते का, ते कळवा. आणि तारण काय दिलं होतं तेही.